जी४च्या आधी : किंग्ज इंडियनमधल्या काळ्याच्या हल्ल्याचा आढावा

किंग्ज इंडियन डिफेन्समधले काळ्याने जिंकलेले गाजलेले डाव आठवा म्हटले, की डोळ्यांसमोर बलिदाने येतात. जी३वर घुसलेले प्यादे, एच३वर आदळलेला उंट, मारात ठेवून दिलेला हत्ती. हे डाव पाहून मुले किंग्ज इंडियन खेळू लागतात, पाच-सहा डावांत प्यादी भराभर पुढे ढकलतात, पांढरा सी पट्टीतून आत शिरतो आणि हल्ला सुरू व्हायच्या आधीच डाव संपतो. मग ‘ही ओपनिंग फक्त कास्पारोव्हला जमते’ असे म्हणून ती सोडून दिली जाते. मला हे मनापासून खटकते. ज्या डावांवर ही मुले भाळतात, त्यांत बलिदानाच्या दहा-बारा खेळ्या आधी काळ्याने काय केले होते, हे कुणी त्यांना नीट दाखवलेले नसते. हत्ती एफ७, उंट एफ८, सी८चा उंट जागच्या जागी. दिसायला मिळमिळीत अशा या खेळ्यांवर सगळा हल्ला उभा असतो. म्हणून या लेखात काळ्याच्या मोहऱ्यांच्या जागांचा आढावा घेतो आहे : कोणता मोहरा कुठे, का, आणि ही मांडणी कुठे लागू पडत नाही.

आधी पट मांडून घ्या. पांढरा डी४, सी४, घोडा सी३, ई४, घोडा एफ३, उंट ई२ आणि कॅसलिंग करतो. काळा घोडा एफ६, जी६, उंट जी७, डी६, कॅसलिंग आणि ई५. सातव्या खेळीला काळ्याचा घोडा सी६वर येतो, पांढरा डी५ खेळून त्याला हाकलतो आणि घोडा ई७वर जातो. हाच मार देल प्लाता प्रकार. केंद्र आता पूर्ण बंद झाले. पांढऱ्याची प्यादी ई४-डी५ अशी वजिराच्या बाजूकडे तोंड करून उभी, काळ्याची सी७-डी६-ई५ अशी पांढऱ्या राजाकडे तोंड करून. ज्या दिशेला प्यादी बोट दाखवतात, तिकडे त्या खेळाडूला जागा जास्त आणि तिकडेच त्याने खेळायचे. पांढरा सी५ करून डी६ फोडणार, काळा एफ५ करून ई४वर दाब आणणार. पांढऱ्याने एफ३ करून ई४ला आधार दिला, की काळा एफ४ करून जागा बळकावतो आणि जी५, जी४ असा निघतो. दोघेही एकमेकांकडे पाठ करून धावताहेत, पण एक फरक आहे. पांढरा जिंकला तर त्याला एखादे प्यादे, फार तर एखादा मोहरा मिळतो. काळा जिंकला तर राजाच मिळतो. काळ्याच्या साऱ्या धाडसाला आधार आहे तो या फरकाचा.

प्रकाराला अर्जेंटिनातल्या ज्या किनारी शहराचे नाव मिळाले, तिथे १९५३मध्ये मिगेल नायडॉर्फ पांढऱ्या बाजूने युगोस्लाव्हियाच्या स्वेतोझार ग्लिगोरिचशी खेळला आणि हरला. नायडॉर्फ मूळचा पोलंडचा. १९३९च्या ऑलिंपियाडसाठी ब्युनॉस आयर्सला गेला असताना युद्ध पेटले आणि तो तिथेच राहिला. पुस्तकी ज्ञानापेक्षा पटावर भोगलेल्या अनुभवावर त्याचा जास्त विश्वास. त्याच वर्षी झ्युरिचच्या कँडिडेट्स स्पर्धेत मार्क ताइमानोव्हसमोर तो काळ्या बाजूने बसला आणि ज्या योजनेने आपण हरलो तीच त्याने खेळून दाखवली. पांढऱ्याने सी पट्टी उघडली, दोन्ही हत्ती तिथे रचले. काळ्याने हत्ती एफ७वर, उंट एफ८वर नेला, जी४ केले आणि मग जी३! प्यादे सरळ देऊन टाकले. पांढऱ्याच्या काळ्या घरांचा उंट ते मारून जी३वर आला, घोड्याने हुसकल्यावर एच२वर गेला आणि आपल्याच राजाच्या शेजारी बराच वेळ अडकून पडला. प्यादे गेले, पण पांढऱ्याचा एक मोहरा खेळातून बाद झाला. एफ८चा उंट ई७, जी५ असा फिरत ई३वर शह देत बसला. शेवटी सी८चा उंट एच३वर आला, घोड्याने जी२ मारले आणि डाव उलगडला. काळा कसा जिंकतो हे ज्याला एकाच डावातून समजून घ्यायचे आहे, त्याने हाच डाव घ्यावा. त्यातली जवळजवळ प्रत्येक खेळी नंतरच्या सत्तर वर्षांत पुन्हा पुन्हा खेळली गेली आहे.

आता एकेक मोहरा. सुरुवात सी८च्या उंटापासूनच करायला हवी, कारण सगळ्यात जास्त गैरसमज त्याच्याबद्दल आहेत. ‘मोहरे लवकर बाहेर काढा’ हे आपण पहिल्या दिवसापासून ऐकतो. हा उंट पंचवीस-पंचवीस खेळ्या घरात बसून असतो आणि तेच त्याचे काम आहे. काळ्याची प्यादी सी७, डी६, ई५, एफ४, जी५ अशी सगळी काळ्या घरांवर. म्हणजे पांढऱ्या घरांचा हा उंट मोकळा, आणि हल्ल्याची घरेही नेमकी पांढरी : जी४, एच३, जी२. सी८वरून तो जी४च्या प्याद्याला आधार देतो, एच३वर पांढऱ्याने प्यादे आणले तर त्यावर स्वतःला झोकून द्यायला तयार असतो आणि जाता जाता ई६वर पहाराही ठेवतो. हा उंट पटावरून गेला तर काळ्याचा हल्ला बहुतेक वेळा तिथेच विझतो. हे पांढऱ्यालाही ठाऊक असते. त्याचा घोडा बी५, सी७, ई६ अशी वाट धरतो ती बऱ्याचदा याच उंटासाठी. अशा वेळी बी५च्या घोड्याला या उंटाने मारून ‘निदान त्रास गेला’ म्हणणारा काळा पुढे पस्तावतो. डी७पर्यंत जायला हरकत नाही, त्याच्या पुढे कारण असल्याशिवाय नको.

जी७चा उंट याच्या उलट. नावाला तो या ओपनिंगचा मानकरी, पण ई५ बंद झाल्यावर स्वतःच्याच प्याद्यामागे कोंडलेला. त्याला एफ८वर नेण्याची कल्पना पहिल्यांदा पाहताना मागे हटल्यासारखी वाटते. तिथून तो डी६ सांभाळतो. पांढऱ्याचा सगळा जोर ज्या प्याद्यावर, त्याचा पहारेकरी आता एक उंट झाला, वजीर आणि घोडे मोकळे झाले. शिवाय जी७ रिकामे झाल्यामुळे एफ७चा हत्ती तिथे सरकून जी पट्टीत उभा राहतो. एफ७वर असतानाही हा हत्ती नुसता वाट पाहत नसतो. ई७चा घोडा जी६ला आणि डी७चा घोडा एफ६ला गेला, की सातवी रांग मोकळी होते आणि सी७वरचा पांढऱ्याचा शिरकाव तोच रोखतो. एकाच खेळीत बचावही झाला आणि हल्ल्याची तयारीही. या मांडणीचे सौंदर्य मला इथे दिसते : काळ्याला बचावासाठी वेगळी खेळी खर्चावी लागत नाही.

घोड्यांचे ठरलेले आहे. ई७चा घोडा जी६ला, तिथून एच४ला. एफ६चा घोडा एफ प्याद्याला वाट द्यायला डी७ किंवा ई८वर, मग परत एफ६ला आणि वेळ आली की एच५ला, जी३कडे डोळा ठेवून. डी७ की ई८, हा प्रश्न मात्र सोपा नाही. डी७वरून सी५ थोडे लांबते, पण सी८चा उंट झाकला जातो. ई८वरून सी७ आणि डी६ सांभाळले जाते, पण सी५ला अडवणारे कुणी राहत नाही. पांढऱ्याने नवव्या खेळीला घोडा ई१वर नेला तर डी७ ही रूढ निवड आहे. घोडा डी२वर नेला तर ई८चाही विचार करावा, कारण तो घोडा सी४वर येऊन डी६वर डोळा ठेवणार असतो. वजीर डी८वरच बरा. जी५ किंवा एच४ला उडी मारायला त्याला एक खेळी पुरते, घाईने बाहेर काढून काही साधत नाही. राजा एच८वर सरकवणे ही वेळ मिळाली तर करायची गोष्ट.

एफ५ केल्यावर पांढऱ्याने ते मारले तर परत कशाने मारायचे? जी प्याद्याने मारले तर केंद्र रुंद राहते आणि पुढे ई४ किंवा एफ४ची धमकी राहते, पण जी पट्टीतला प्याद्यांचा धावा संपतो. घोड्याने मारले तर डी४वर डोळा ठेवता येतो, पण ई४चे सुंदर घर पांढऱ्याच्या घोड्याला आंदण मिळते. काळ्याने स्वतःहून ई४ मारण्यातही हाच धोका. म्हणून मोठे खेळाडू ताण तसाच ठेवतात किंवा एफ४ करून तो संपवतात, मधल्यामध्ये मारामारी करत नाहीत.

ही मांडणी प्रत्यक्षात काय करते ते जवळून पाहायचे तर बोरिस गेलफांड आणि हिकारू नाकामुरा यांचा २०१०च्या जानेवारीतला, बुर्साच्या जागतिक सांघिक स्पर्धेतला डाव घ्या. गेलफांडने घोडा डी२वर नेला, नाकामुराने ई८वर. पांढरा वजिराच्या बाजूला इतक्या वेगाने पुढे गेला, की एकविसाव्या खेळीपर्यंत त्याची प्यादी बी६ आणि डी६वर पोहोचली होती. काळ्याचे जी३ झाले होते, हत्ती एफ७वर, उंट एफ८वर. बाविसाव्या खेळीला घोडा एच४वर आला, तेविसाव्याला त्याने जी२ मारले. पांढऱ्याने डी६च्या प्याद्याने सी७ मारले आणि डी८चा वजीर मारात आला. नाकामुराने त्याच्याकडे पाहिलेच नाही, घोड्याने ई१चा हत्ती मारला. आता पांढऱ्याने वजीर मारला असता तर जी२वर प्यादे येऊन थेट मात, कारण ते प्यादे ई१च्या घोड्याच्या आधारावर आहे आणि राजाला जायला घर नाही. म्हणून गेलफांडने वजिराने तो घोडा मारला. मग जी२वर प्याद्याचा शह, राजाने ते मारले, हत्ती जी७वर येऊन शह, राजा परत एच१ला आणि सी८चा उंट, जो आतापर्यंत हललाच नव्हता, एच३वर. डी८चा वजीर अजूनही मारात. तो मारला तर उंट जी२वर येऊन मात. पांढऱ्याने उंट एफ१वर आणून जी२ सांभाळले, तर वजीर डी३वर, त्याच उंटाच्या मारात! उंटाने तो घेतला, की जी२ पुन्हा मोकळे. पुढच्या पाच खेळ्यांत गेलफांडने डाव सोडला. ए८चा हत्ती पहिल्यांदा हलला तो बत्तिसाव्या खेळीला, पांढऱ्याचा नवा वजीर मारायला. काळ्याचे तीन मोहरे घरात बसून होते आणि तरी प्रत्येक जण हल्ल्यात होता. विकास म्हणजे मोहरा बाहेर काढणे, ही समजूत या एका डावाने पुसून टाकावी.

गॅरी कास्पारोव्हने १९८९मध्ये टिलबर्गला येरून पिकेटविरुद्ध खेळलेला डाव वेगळे काही शिकवतो. पिकेटचा घोडा बी५मार्गे सी७वर आला आणि ए८चा हत्ती त्याच्या तावडीत सापडला. कास्पारोव्हने जी३ केले. घोड्याने हत्ती मारला, काळ्याने घोडा एच५ला नेला. हत्तीच्या बदल्यात एफ२चा उंट आला, पुढे ए८वर अडकलेला तो घोडाही वजिराने मारला. मग वजीर ए७वर. पांढऱ्याने वजिराच्या बाजूला सी प्यादी बदलून घेतली होती. त्याला पट्टी मिळाली खरी, पण ए७पासून जी१पर्यंतचा कर्णही त्यामुळेच मोकळा झाला होता आणि त्या कर्णावर एफ२चा हत्ती राजापुढे जखडला गेला. अठ्ठाविसाव्या खेळीला काळ्याचा घोडा जी३वरून एच१च्या कोपऱ्यात शिरला, एफ२वर आणखी एक मारा झाला आणि पिकेटने हात पुढे केला. पांढऱ्याने आपल्या बाजूला जे उघडले, त्याचा हिशेब काळ्यालाही मांडता येतो, हे इथे कळते.

पण हीच मांडणी सगळीकडे नेली तर नुकसान ठरलेले. पांढऱ्याने जी३ आणि उंट जी२ अशी मांडणी केली, की राजाभोवतीची पांढरी घरे भक्कम असतात, जी पट्टीतला धावा तिथे फुकट जातो. तिथे काळा केंद्रात प्यादी मारून ई पट्टी उघडतो, घोडा सी५ला नेतो, ए प्यादे पुढे सारतो आणि जी७चा उंट आपल्या लांब कर्णावर खराखुरा जिवंत होतो. १९४६मध्ये प्राग आणि मॉस्को यांच्यातल्या सामन्यात डेव्हिड ब्रॉनस्टाइनने झिटा आणि पाखमन यांच्याविरुद्ध जिंकलेले डाव याचे उत्तम नमुने आहेत. दोन्हींत काळ्याच्या हत्तीने ए१वर झडप घातली आणि त्यामागोमाग पांढऱ्याची काळी घरे ढासळली. मार देल प्लातात जो हत्ती शेवटपर्यंत घरात बसतो, तोच इथे पहिला घाव घालतो. या डावांच्या आधी किंग्ज इंडियनकडे दबून खेळायची ओपनिंग म्हणून पाहिले जात असे. ब्रॉनस्टाइन आणि इसाक बोलेस्लाव्हस्की यांनी हे चित्र पालटले.

सेमिश प्रकारात पांढरा एफ३, उंट ई३, वजीर डी२ करून बऱ्याचदा वजिराच्या बाजूला कॅसलिंग करतो. राजाच तिकडे गेल्यावर जी४ कुणासाठी करायचे? तिथे सी५ आणि बी५चा मारा. पांढऱ्याला सी५वरचे प्यादे देऊन वजीर बदलून घ्यायचे आणि मोहऱ्यांच्या चपळाईवर भरपाई मिळवायची, हीसुद्धा मान्य पद्धत आहे. आव्हेरबाख प्रकारात, म्हणजे उंट ई२नंतर लगेच उंट जी५ असेल, तेव्हा ई५ तर सरळ चूक : प्यादी आणि वजीर बदलले गेल्यावर पांढऱ्याचा घोडा डी५वर येतो आणि काहीतरी पडतेच. तिथे सी५. पेट्रोस्यान प्रकारात पांढरा डी५ लवकर करून उंट जी५ने घोडा जखडतो. तिथे ए५ करून बी४ लांबवणे आधी, एफ५ नंतर. आणि ज्या विनिमय प्रकाराला अनेक जण कंटाळवाणा म्हणून घाबरतात, त्यात वजीर गेल्यावरही काळ्याला चांगले काम आहे : सी४मुळे डी४चे घर पांढऱ्याला प्याद्याने कधीच सांभाळता येत नाही, घोडा तिथे पोहोचवायचा.

मार देल प्लातातही पांढरा गप्प बसलेला नाही. एफ३नंतर जी४ करून राजाची बाजूच बंद करण्याचा मार्ग पाल बेन्कोच्या नावाने ओळखला जातो. त्याला उत्तर घाईचे नाही. राजा एच८, घोडा जी८, कोंडलेला उंट बदलून घेण्याची संधी शोधायची आणि एच५ने कुलूप उघडायचे. व्हिक्टर कोर्चनॉयने ए४ने सुरू होणारी मोहीम लोकप्रिय केली, ए५ आणि घोडा बी५ असा तिचा रोख. तीत काळ्याच्या हल्ल्याला खरोखर जीव तोडून पळावे लागते.

सगळ्यात जास्त त्रास दिला तो बेयोनेट प्रकाराने, म्हणजे नवव्या खेळीलाच बी४. घोडा मागे न नेता पांढरा थेट सी५कडे निघतो. काळ्याने घोडा एच५वर नेला तर हत्ती ई१ करून एफ१ रिकामे ठेवायचे, म्हणजे घोडा एफ४वर आला तरी ई२चा उंट सुखरूप मागे जातो. एफ५ झाल्यावर पांढऱ्याचा घोडा जी५वर, ई६च्या भोकाकडे पाहत. इथे एफ३चे प्यादे लवकर पुढे आलेले नसते, म्हणून काळ्याच्या एफ४-जी५-जी४ या रुळलेल्या वाटेला धरायला काही मिळत नाही. व्लादिमीर क्रामनिकने १९९७मध्ये नोव्हगोरोदला याच प्रकाराने कास्पारोव्हला हरवले आणि त्यानंतर कास्पारोव्हने ही ओपनिंग जवळजवळ बाजूलाच ठेवली. अनेकांनी तेव्हा किंग्ज इंडियनची समाप्ती जाहीर केली. दहा वर्षांत तैमूर राजाबोव्हने ती खोडून काढली. लूक व्हान वेलीविरुद्ध बेयोनेटमध्ये काळ्या बाजूने त्याने मिळवलेले विजय अभ्यासाचा विषय झाले.

आज इंजिनला विचारले तर ते मार देल प्लातात पांढऱ्याला बऱ्यापैकी वरचढ दाखवते. अव्वल खेळाडू क्लासिकल डावांत ही ओपनिंग जपून वापरतात, ते याचमुळे. मी या आकड्याला नाकारत नाही. पण तो आकडा पांढऱ्याने वीस खेळ्या अचूक शोधल्या असे गृहीत धरतो, आणि त्या वीस खेळ्यांत पांढऱ्याच्या राजाभोवती काय काय उभे राहते ते वर पाहिले. चुकीची किंमत दोघांना सारखी नाही. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या पातळीवर खेळणाऱ्या मुलासाठी ही ओपनिंग मी आजही सुचवीन, पण एका अटीवर : बेयोनेटसाठी घोडा एच५ की प्यादे ए५, हे त्याने पहिल्या स्पर्धेच्या आधी ठरवलेले हवे. ए५ने बी४च्या प्याद्याला लगेच हात घालून डाव संथ होतो, हल्ला मागे पडतो, पण पांढऱ्याची घोडदौड थांबते. घोडा एच५ने सगळे अंगावर येते. सुरुवातीला ए५ घ्यावे, ताइमानोव्ह–नायडॉर्फ आणि गेलफांड–नाकामुरा हे दोन डाव पटावर हाताने मांडून शिकावेत, आणि प्रत्येक खेळीला थांबून एवढेच विचारावे, की सी८चा उंट आत्ता कुठे बघतो आहे.